स्वीडिश बी२ पर्यंत आली, पुढे सरकत नाही. स्कॅन्डिनेव्हियन भाषांचा इतिहास वाचून फायदा होईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: बी२ (भाषेच्या युरोपीय सहा पायऱ्यांतली चौथी, पुढची सी१) झालं, ऑफिसातल्या मीटिंगा निभावता, पण अग्रलेख, सरकारी पत्र किंवा जुनी कादंबरी हातात घेतली की गाडी अडते. अशा वेळी व्याकरणाचं आणखी एक पुस्तक घ्यावं की भाषेचा इतिहास वाचावा? आणि जोडीला डॅनिश-नॉर्वेजियनही उरकून घ्यावी का?

मी गोथेनबर्गला राहतो आणि दिवसभर याच भाषेत काम करतो. माझं मत: इतिहास जरूर वाचा, फक्त वायकिंगांपासून सुरुवात करू नका. रून लिपीतले दगड बघायला छान असतात, पण तुम्हाला अडवणारा माल जवळपास सगळा १३व्या शतकानंतरचा आहे.

आधीचं दोन ओळींत सांगतो. साधारण आठव्या शतकापर्यंत या सगळ्या पट्ट्यात जवळपास एकच भाषा होती. पुढे नॉर्वे, आइसलंड आणि फॅरो बेटं ही पश्चिम शाखा झाली, डेन्मार्क-स्वीडन ही पूर्व. पूर्वेकडे जोडस्वर सपाट झाले, म्हणून नॉर्वेजियन 'स्तेइन' (दगड) स्वीडिशमध्ये 'स्तेन' होतो. लॅटिन लिपीत लिहिलेलं सर्वांत जुनं स्वीडिश म्हणजे वेस्तरयोतलंड प्रांताचा कायदा, १२२०च्या दशकाच्या आसपासचा. फिनिश या कुटुंबातली नाही, हेही सांगून टाकतो, कारण भारतातून हा प्रश्न हमखास येतो.

खरी मजा आहे हान्साच्या, म्हणजे उत्तर जर्मन व्यापारी शहरांच्या संघाच्या काळात. ल्यूबेकचे जर्मन व्यापारी स्टॉकहोम, विस्बी, बर्गन इथे येऊन नुसते राहिले नाहीत, कारभारात बसले. स्टॉकहोमच्या नगरपरिषदेत निम्म्या जागा जर्मनांच्या असायच्या; हा प्रकार १४७१च्या ब्रुन्केबेरीच्या लढाईनंतर बंद झाला. पण तोवर त्यांची भाषा, म्हणजे उत्तरेकडची लो जर्मन, स्वीडिशच्या हाडात मुरली होती. पैसे देणं म्हणजे 'बेताला', समजणं म्हणजे 'फोश्टो', भाषेला 'स्प्रोक', होण्याला 'ब्ली'. हे सगळे शब्द तिकडून आलेले. खिडकीचं बघा. जुन्या नॉर्समध्ये (या भाषांची पूर्वज भाषा) खिडकी म्हणजे 'वाऱ्याचा डोळा', आणि नॉर्वेजियनमध्ये तेच आजचं 'विन्दू'. स्वीडिशने ते टाकून जर्मनांकडचं, मुळात लॅटिन 'फोन्स्तेर' घेतलं. तसंच विचारण्याचं. आइसलंडिक, डॅनिश आणि नॉर्वेजियन तिघींनी 'स्पोर-' हा जुना धातू राखला. स्वीडिश मात्र 'फ्रोगा' म्हणते. जुना शब्द पुरता मेला नाही, 'स्पोश्मोल' (मुद्दा, प्रश्न) असा होऊन सरकारी अहवालात जाऊन बसला.

आता याचा तुम्हाला उपयोग काय? आघात नसलेला 'बे-' किंवा 'फोर-' पुढे दिसला, किंवा मागे '-हेत' दिसलं, की शब्द जर्मन साच्यातला समजा. तो फुटत नाही आणि बहुधा अमूर्त अर्थाकडे झुकतो. देशी क्रियापद मात्र सुटं शेपूट लावून फिरतं. काडी मोडली की 'ब्र्यूता आव'. एखाद्याचं बोलणं मध्येच तोडलं की 'आवब्र्यूता'. तुकडे तेच, पण शेपूट सुटं असलं की हातानं करायचं काम आणि पुढे जोडलं की कागदावरचं. दरवेळी असंच होतं असं नाही, पण इतक्यांदा होतं की नवा शब्द दिसल्यावर मी आधी हेच तपासतो. बी२ ते सी१ मधली निम्मी लढाई या जोड्यांची आहे असं माझं म्हणणं आहे.

दुसरी अडचण विभक्तीच्या अवशेषांची. मध्ययुगीन स्वीडिशमध्ये चार विभक्ती होत्या, त्या गळून गेल्या. पण 'तिल' या शब्दापुढे तेव्हा षष्ठी यायची, ती काही ठिकाणी तशीच चिकटून राहिली: 'तिल फूत्स' म्हणजे पायी, 'तिल सालु' म्हणजे विकायला. सगळं गाव बाहेर लोटलं असं म्हणायचं तर 'मान उर हूसे', त्यातला शेवटचा 'ए' म्हणजे चतुर्थीचा उरलेला तुकडा. यावर नियम शोधत बसू नका. आपण 'घरी', 'दारी', 'हाती' म्हणतो, 'ऑफिसी' कुणी म्हणत नाही. तसंच हे, तयार वाक्प्रचार म्हणून पाठ करायचं.

अग्रलेखात अडकवणारी तिसरी गोष्ट म्हणजे गायब होणारं सहायक क्रियापद. 'एफ्तेशोम हून रेदान लेस्त बूकेन', म्हणजे 'तिनं पुस्तक आधीच वाचलेलं असल्यामुळे'. यात 'हार' किंवा 'हादे' कुठे गेलं? गौण वाक्यात ते गाळायची सवय १७व्या शतकात जर्मन कचेरीच्या भाषेवरून उचललेली आहे. जर्मननं पुढे ती सोडून दिली, स्वीडिशनं जपली. बोलण्यात ती कमी, लेखनात सर्रास. हे एकदा कळलं की लांब वाक्यं एकदम सुटायला लागतात.

मराठी माणसाला इथे दोन गोष्टी आयत्या मिळतात, आणि त्यांचा फायदा आपले लोक घेत नाहीत याचं मला नवल वाटतं. एक, मूर्धन्य वर्ण. मध्य स्वीडनच्या उच्चारात 'र' पुढे दन्त्य वर्ण आला की दोन्ही मिळून ट-ड-ण-ष होतात. मूल लिहायचं 'बार्न', म्हणायचं 'बाण'. टेबल लिहायचं 'बूर्द', म्हणायचं 'बूड'. दोन शब्दांच्या सांध्यावरही हेच घडतं, म्हणून 'वार सो गूद'चं 'वाषोगू' ऐकू येतं. इंग्रज-अमेरिकन यासाठी जीभ वळवून थकतात; आपण पहिलीत 'ट ठ ड ढ ण' म्हणून झालेलं असतं. मात्र दक्षिणेला स्कोनमध्ये गेलात तर हे मिळणार नाही. तो प्रांत १६५८च्या तहात डेन्मार्ककडून आला, आणि तिथला 'र' घशातून येतो. फिनलंडमधल्या स्वीडिशमध्येही हे वळण सहसा नाही.

दुसरी, 'आपला'. 'तो आपल्या बायकोवर प्रेम करतो' आणि 'तो त्याच्या बायकोवर प्रेम करतो' यातला फरक (आणि संभाव्य भांडण) आपल्याला सांगावा लागत नाही. स्वीडिशमध्ये तेच 'सिन' आणि 'हान्स'. तुम्ही जर डोक्यात इंग्रजी करून मग स्वीडिश बोलत असाल, तर हा फायदा स्वतःच्या हातानं घालवताय. थेट मराठीतून या.

सुरांचं मात्र कष्टानंच येईल. 'आन्देन' हा शब्द एका सुरात म्हटला तर 'ते बदक', दुसऱ्या सुरात 'तो आत्मा'. कारण ऐतिहासिक आहे: बदक मुळात एकाक्षरी 'आन्द', त्याला 'एन' हे निश्चिती दाखवणारं शेपूट नंतर लागलं, आत्मा आधीपासूनच दोन अक्षरी 'आन्दे'. जुनी अक्षरसंख्या आजच्या सुरात टिकून आहे. त्यामुळे शब्दाचं मूळ रूप माहीत असेल तर सूर बऱ्यापैकी ओळखता येतो. चुकलात तरी संदर्भानं कळतं, कुणी हसत नाही.

जुन्या कादंबऱ्यांसाठी तीन गोष्टी माहीत असू द्या. १९०६च्या सुधारणेत शुद्धलेखन बदललं, त्याआधी साध्या 'व'साठी कुठे 'एचव्ही', कुठे 'एफव्ही' लिहायचे. 'आम्ही आहोत' याला अनेकवचनी 'वी एरू' हे रूप होतं. ते विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापलं जायचं. आणि संबोधन. 'दू' म्हणजे तू, हे आज पंतप्रधानालाही चालतं, पण ही १९६०च्या दशकाची देणगी. ब्रूर रेक्सेद १९६७ मध्ये आरोग्य खात्याच्या प्रमुखपदी आले आणि सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' म्हणणार असं त्यांनी जाहीर केलं, तो प्रसंग अजून सांगितला जातो. त्याआधी समोरच्याला तृतीयपुरुषात बोलायचे, 'डॉक्टर कॉफी घेणार का?' असं, त्या डॉक्टरलाच. 'नी' म्हणजे तुम्ही, पण ते खालच्या माणसाला वापरायचं, म्हणून बोचायचं. आजही काही म्हाताऱ्यांना 'नी' म्हटलेलं आवडत नाही. आपल्या संस्कारानं आदरार्थी म्हणून ते वापरायला जाऊ नका.

डॅनिश-नॉर्वेजियनचा वेगळा कोर्स आत्ता नको. नॉर्वे १८१४ पर्यंत डेन्मार्कखाली होता, त्यामुळे नॉर्वेतली बूकमोल ही लेखी भाषा डॅनिशमधून आलेली आहे. ती वाचायला लागलात की डॅनिश वाचन जवळपास फुकटात मिळतं. ऐकणं नाही मिळत, डॅनिश ऐकताना स्वीडिश लोकांचीच तारांबळ उडते. रोज एखादी नॉर्वेजियन बातमी वाचा, एवढं पुरे. फसवे शब्द भेटतील. 'रूलिग' स्वीडिशमध्ये मजेशीर, शेजाऱ्यांकडे शांत. जुना अर्थ शांत हाच. स्वीडिशमध्येही चिंतातुर माणूस 'ऊरूलिग' असतो, त्यात तो दिसतो.

पुस्तकापेक्षा स्वीडिश अकादमीचे शब्दकोश वापरा. 'स्वेन्स्का डॉट एसई' या साइटवर तिन्ही एकत्र आणि फुकट आहेत. त्यातला मोठा ऐतिहासिक कोश १८८३ मध्ये सुरू होऊन २०२३ मध्ये पुरा झाला, ३९ खंड. व्युत्पत्ती त्यात बघा, पण आजच्या अर्थासाठी 'स्वेन्स्क ऊर्दबूक' हा मधला कोश उघडा. मोठ्यातला 'ए'चा भाग १८९३चा आहे, त्यामुळे त्यात 'अॅलर्जी' हा शब्दच नव्हता.