कविता येते, पण प्रश्न आला की हात थांबतो

परीक्षा जवळ आली की मुलं आणि त्यांचे आईवडील हेच वाक्य घेऊन येतात. प्रश्नही बहुधा एकाच जातकुळीचा असतो: भाषा, संस्कृती आणि ओळख यांचं नातं कवितेतून कसं उलगडतं? शब्द एवढे भारदस्त की मुलं थेट भाषणावर उतरतात. म्हणून ईशाबद्दल (नाव बदललं आहे) लिहिते.

कोथरूडची, इंग्रजी माध्यमातली मुलगी. अभ्यासाला सुजाता भट्ट यांची ‘सर्च फॉर माय टंग’ ही इंग्रजी कविता. कवयित्रीचा जन्म १९५६चा, अहमदाबादचा. बालपण पुण्यात, १९६८मध्ये कुटुंब अमेरिकेला गेलं. ईशाला हे तोंडपाठ. उत्तरात अर्धं पान तेच, पुढे मातृभाषेचा महिमा. मार्क कमी पडत गेले आणि एका सराव परीक्षेत तिने प्रश्नच सोडला.

“का सोडलास?”

“चुकलं असतं तर, मॅडम?”

“तर काय झालं असतं?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “मला कविता कळत नाही हे सगळ्यांना कळलं असतं.”

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर माझी श्रद्धा आहे. ‘माझं चुकताच कामा नये’ हा हट्टच मुलांना गोठवतो. त्या हट्टावर आम्ही बऱ्याच बैठका बोललो. पण हट्ट सुटल्यावर हाताशी काहीतरी लागतंच. मी कविता समोर ठेवली.

“अर्थ राहू दे. कागदावर काय दिसतं?”

“मधेच गुजराती ओळी आहेत. सोबत इंग्रजी अक्षरांत उच्चार.”

“तुला कळल्या?”

“थोड्या थोड्या.”

“आणि लंडनमधल्या मुलीला?”

ती थबकली. “ती नुसते उच्चार करेल. पुढच्या इंग्रजी ओळी येईपर्यंत तिला काहीच कळणार नाही... म्हणजे परक्या भाषेत अडकल्यावर कसं होतं, ते कवयित्री तिला वाचता वाचताच भोगायला लावते!”

“हेच लिही.”

हे वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं, याचं मला आजही समाधान वाटतं.

अशा प्रश्नात सगळा जोर ‘कसं’वर असतो. भाषा कुठे बदलते, कोण कोणाशी बोलतंय, शेवटी कविता कुठे पोचते, हे आधी बघावं. या कवितेत सुरुवातीला तोंडातच कुजण्याची भीती असलेली जीभ, म्हणजे मातृभाषा, शेवटी कोंबासारखी फुटते, कळी होऊन उमलते. एवढा प्रवास नीट दाखवला की ओळखीवर वेगळा निबंध लागत नाही. मराठीच्या पेपरलाही तेच. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं यावर परिच्छेद खर्च करू नका. त्यांची एक ओळ प्रमाण मराठीत म्हणून बघा. ठेका कुठे मोडला, स्वयंपाकघर नि शेत कुठे पुसट झालं, ते लिहा.

आईवडिलांना एक सांगणं: ‘किती पाठ झालं?’ विचारू नका. ‘कुठली ओळ आवडली नाही?’ असं विचारून बघा. नावडत्या ओळीबद्दल मुलं बिनधास्त बोलतात, कारण तिथे चुकायचं काही नसतं. ईशाच्या आईने असं विचारलं, तर जेवणं आटोपेपर्यंत ती बोलतच होती.