जेवणानंतरचा तास

प्रश्न : माझी धाकटी बहीण २९ वर्षांची, नोकरी करते. दिवसभर उपाशी राहते, रात्री भराभर खूप खाते आणि मग बाथरूममध्ये जाऊन उलटी काढते. बुलिमियाचं निदान झालंय. दाखल करायला नको, घरी राहून उपचार होतील, असं डॉक्टर म्हणाले. घरच्यांनी नेमकं काय करायचं? श्रावणातले उपास चालतील का?

उत्तर : उपास नकोच. दिवसभर पोट रिकामं राहिलं की रात्री खाण्यावरचा ताबा सुटतो. तो तिच्या मनाचा दुबळेपणा नाही, उपाशी शरीराची मागणी आहे. मग अपराधी वाटून उलटी, दुसऱ्या दिवशी पुन्हा उपाशी. हे चक्र सकाळच्या नाश्त्यापाशी तुटतं. तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांत ३-४ तासांहून जास्त अंतर नको.

ताट सगळ्यांसारखंच वाढा. ‘अजून एक पोळी घे’ नको, ‘आज छान जेवलीस’ही नको, तिला दोन्हीत मोजमापच ऐकू येतं. जेवणानंतर तासभर कुणीतरी सोबत बसावं. भाजी निवडा, पत्ते खेळा. उलटीची ओढ तेवढ्यात बरीच ओसरते. पण हे तिला विचारून, तिच्या होकारानेच. बाथरूमबाहेर पहारा दिलात तर उलटी थांबत नाही, लपून होते. ‘किती बारीक झालीस गं!’ म्हणणाऱ्या मावश्या-काकवांना सणावाराआधीच फोन करून सांगून ठेवा.

उलटी झालीच तर लगेच ब्रश करू नये. आम्लाने मऊ पडलेलं दातांचं आवरण घासलं जातं. साध्या पाण्याने चूळ भरावी. छातीत धडधड, घेरी, हातापायांत गोळे, उलटीत रक्त, यांतलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय गाठा. ईसीजी आणि रक्तातल्या क्षारांची तपासणी लागेल. उलट्यांनी पोटॅशियम उतरतं, हृदयाची लय बिघडते. वजन व्यवस्थित दिसणाऱ्यांतही हे होतं, म्हणून ते पाहून निर्धास्त राहू नका.

या आजारावरची बोधात्मक वर्तनोपचार पद्धत (सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे समुपदेशन) साधारण २० आठवड्यांची असते. आहारतज्ज्ञ मात्र वजन उतरवण्याची भाषा न करणारा निवडा. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

मधूनमधून पाय घसरेल. रात्री उलटी झाली तरी सकाळचा नाश्ता ठरल्या वेळी आणि नेहमीएवढाच.