वाचकांचे प्रश्न : पायाभोवतीच्या चरात काय भरावे?

प्रश्न : आमच्या अर्ध्या तळघराच्या भिंतीतून पावसाळ्यात पाणी झिरपते. बाहेरून पायालगत चर घेऊन भोकांचा पाईप टाकायचा आहे. लांबी साधारण ३० मीटर, माती चिकण. दुकानदार कापडी मोजा चढवलेला, गुंडाळीतला नालीदार पाईप सुचवतो. गवंडी म्हणतो, कडक पीव्हीसीच घ्या. खरे कोणाचे?

उत्तर : या वेळी गवंड्याचे ऐका. गुंडाळीतल्या पाईपची वाक सहजी जात नाही. खडी ओतताना तो मध्येच उचलला जातो आणि दोन उंचवट्यांमधल्या पोटात गाळ बसतो. कडक पाईपचा ढाळ राखणे सोपे, आणि पुढे सफाईची सळई घातली तरी तो टिकतो. तुमच्या लांबीला १०० मिमी व्यासाचा पुरतो.

पण खरे सांगायचे तर असे काम तुंबते ते बहुधा पाईपमुळे नाही, बारीक मातीमुळे. म्हणून डोके लावायचे ते खडी आणि कापडावर. मोज्याचेच बघा. ११० मिमी बाह्यव्यासाच्या पाईपला मीटरभर लांबीत जेमतेम ०.३५ चौ. मी. कापड लागते. तेच कापड ४०० मिमी रुंद आणि ४५० मिमी उंच खडीच्या भोवती गुंडाळले, तर १.७ चौ. मी. होते. गाळायला जवळजवळ पाचपट जागा मिळाली! चिकणमातीत मोजा लवकर लिंपला जातो. कापड न विणलेले, लोकरी नमद्यासारखे जिओटेक्स्टाईल घ्या, १५० ते २०० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम वजन). पोत्यासारखे चकचकीत, विणलेले कापड या कामाचे नाही. वरच्या बाजूला कापडाच्या कडा एकमेकींवर ३०० मिमी चढवल्या, की मीटरमागे २ चौ. मी., म्हणजे एकूण ६०. तुकड्यांच्या जोडांसाठी थोडे जास्त आणा. आणि ते उन्हात पसरून ठेवू नका, उन्हाने कमजोर होते.

खडी २० मिमीची, एकाच मापाची आणि धुतलेली हवी. गाडी रिकामी करण्याआधी दोन मुठी खडी काचेच्या बरणीत पाण्यासह हलवा आणि थोडा वेळ ठेवा. पाणी गढूळच राहिले किंवा तळाशी कच बसली, तर ती खडी धुतल्याशिवाय चरात टाकू नका. तोडफोडीतले काँक्रीट फोडून केलेली खडी मात्र धुऊनही नको. त्यातला चुना पाण्याबरोबर उतरतो आणि भोकांवर पांढरी खपली धरते. वरच्या मापाने ३० मीटरला ५.४ घनमीटर होते, पाईपचे ०.३ वजा करून आणि दहा टक्के वाढवून साडेपाच ते पावणेसहा घनमीटर मागवा.

ढाळ १:१०० ठेवा. एक कोपरा सर्वांत उंच धरून पाणी दोन्ही बाजूंनी १५-१५ मीटर वळवले, तर एका बाजूचा उतार १५० मिमी भरतो. तो लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दर दोन मीटरवर तपासा. उंच टोकालाही पाईपचा माथा तळघराच्या फरशीखाली असला पाहिजे. मात्र फूटिंगच्या (पायाच्या तळाच्या रुंद भागाच्या) तळाखाली चर नेऊ नका, पायाखालची माती सुटेल. तेवढ्यात खोली मिळत नसेल, तर आधी अभियंत्याला दाखवा. कोपऱ्यावर ९० अंशांचा एल्बो न घालता ४५ चे दोन बेंड जोडा आणि तिथेच सफाईसाठी उभा पाईप जमिनीपर्यंत आणा.

एक चूक नेहमी होते : खडीवर कापड मिटले, की निघालेली चिकणमाती थेट भिंतीला लावून परत भरतात. मग पाणी पाईपपर्यंत पोचणार कसे? ते भिंतीलाच उभे राहते. भिंतीला आधी जलरोधक लेप द्या, त्यावर उठावांचा ड्रेनेज शीट (ज्याच्या उठावांमधल्या फटीतून पाणी खाली उतरते) लावा आणि त्याचे खालचे टोक खडीपर्यंत पोचवा. शेवटचे ३०० मिमी तेवढी चिकणमाती ठोकून, घरापासून बाहेर उतार देऊन भरा.

प्रश्न : पाईपची भोके वर ठेवायची की खाली?

उत्तर : खाली. दोन रांगा असतील तर घड्याळाच्या चार आणि आठच्या जागी. चरातले पाणी तळापासून चढते; भोके वर असली तर पाईपच्या उंचीइतके पाणी साचेपर्यंत आत थेंब जात नाही. पाईपखाली मात्र ७५ मिमी खडी हवीच.

प्रश्न : गच्चीवरचे पावसाचे पाणी उतरवणारा पाईप याच पाईपला जोडला तर चालेल?

उत्तर : नाही. जोराच्या पावसात तेच पाणी भोकांतून पायाशी शिरेल. त्याला बिनभोकांचा वेगळा पाईप द्या.

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी टाकलेल्या पाईपमधून आता पाणीच येत नाही. उकरावे का?

उत्तर : लगेच नको. आधी बाहेरचे तोंड पाहा. बऱ्याचदा गवत आणि माती तिथेच अडलेली असते. तोंडाला उंदरांसाठी जाळी असेल तर तीही काढून साफ करा. मग सफाईच्या पाईपमधून पाणी सोडा आणि बाहेर काय येते ते बघा. केशरी, बुळबुळीत थर असेल तर तो बहुधा लोहयुक्त पाण्यातला. दाबाच्या पाण्याने निघतो, पण पुन्हा धरतो, म्हणून ठरावीक काळाने धुवावे लागेल. पांढऱ्या कडक खपल्या आल्या तर संशय खडीवर घ्या. आणि नुसता चिखल येत असेल, तर कापड कुठेतरी फाटले आहे किंवा जोडाला कापड एकमेकांवर चढवलेलेच नाही. ते धुऊन भागत नाही. तेवढा भाग उघडावाच लागतो.