सेंट्रल एसी-हीटिंगसाठी घरातला एअर हँडलर (कॉइल आणि पंखा असलेलं आतलं युनिट) बाहेरच्या युनिटपेक्षा मोठा घेतला तर चालतो का?

अर्ध्या टनाने (टन म्हणजे थंड करण्याच्या क्षमतेचं माप) मोठा बऱ्याचदा चालतो, पण आपल्या मनाने ठरवू नका. बाहेरच्या युनिटला आतली कोणती कॉइल चालते हे कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं. तिथे ती जोडी नसेल तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. गॅसही एकच हवा. आर-४१०ए साठीची कॉइल आर-३२ च्या युनिटला परस्पर जोडायची नाही.

खरी मेख डक्टमध्ये, म्हणजे हवा खोल्यांत नेणाऱ्या नळांमध्ये असते. थंडाव्यासाठी दर टनामागे मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते, म्हणजे ३ टनांना १२००. डक्ट अरुंद असेल तर ईसीएम मोटर (आपला वेग आपोआप बदलणारी पंख्याची मोटर) तेवढी हवा ढकलण्यासाठी जोर लावते, वीज खाते आणि ग्रिलमधून शिट्टीसारखा आवाज येतो. साधी मोटर असेल तर हवाच कमी पडते आणि कॉइलवर बर्फ धरू शकतो. म्हणून आधी डक्टमधला स्टॅटिक प्रेशर, म्हणजे हवेला होणाऱ्या अडथळ्याचा दाब, मोजून घ्या. मॅनोमीटर (दाब मोजायचं यंत्र) लावून बघणं फार वेळखाऊ काम नाही. ते टाळून नुसतं टनेज सांगणाऱ्या माणसाला मी तरी काम देणार नाही.

मोटर शक्यतो ईसीएमच घ्या. दमट हवेत कमी वेगाने चालवली की पाणी जास्त निघतं.

माळ्यावर आडवा बसवणार असाल तर खाली दुसरा ट्रे आणि फ्लोट स्विच हवाच. पाणी बाहेर नेणारा ड्रेन तुंबून ट्रेमध्ये पाणी चढलं की हा स्विच मशीन बंद पाडतो, नाहीतर पाणी थेट छतात.