कंपनी फी भरते म्हणजे फुकट नाही गं

तू विचारलंस की अमेरिकेतली ऑफर घेतली तर कंपनी मास्टर्सची फी भरेल, त्यावर टॅक्स बसतो का, लेकीला घेऊन हे सगळं जमेल का, आणि तिथे एकटं वाटतं का. ताई म्हणालीस म्हणून अगंतुगं करते. व्हिसाचं सांगत बसत नाही, ते सगळीकडे लिहिलेलं आहे.

कंपनीने भरलेली फी कॅलेंडर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत टॅक्स-फ्री, मास्टर्सलाही चालते. त्याच्या वरचं सहसा तुझा पगार म्हणून धरतात. मी ऑफर लेटरमध्ये '१०० टक्के ट्युशन', म्हणजे सगळी फी, असं वाचलं आणि नाचले, पुढे काही विचारलंच नाही. पहिल्या पूर्ण वर्षी फी झाली १४,०००. म्हणजे ८,७५० माझ्या पगारात मिळवले, आणि त्यावरचा टॅक्स कापला कधी, तर डिसेंबरच्या शेवटच्या पगारातून एकदम! २२ टक्के फेडरल म्हणजे केंद्राचा, ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी-मेडिकेअर म्हणजे सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीच्या आरोग्यविम्याची कपात, झाले जवळपास २,६०० डॉलर, स्टेटचा वेगळा. मी तावातावाने पेरोलला फोन केला की तुमची चूक झालीय. चूक नव्हती.

एक वाट असते. शिक्षण तुझ्या सध्याच्याच कामाचं कौशल्य वाढवणारं असेल, नोकरीची किमान अट म्हणून नसेल आणि नवीन पेशात नेणारं नसेल, तर ५,२५० च्या वरचंही टॅक्स-फ्री होऊ शकतं. पण ते कंपनीने मानायला हवं, त्यांनी पगारात धरलं तर रिटर्नमध्ये तुला वजावट मिळत नाही, ती २०१८ पासून बंद आहे. माझा एचआरशी चार महिने ईमेलचा खेळ चालला, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट.

आणि तारीख बघ. फॉलचे, म्हणजे डिसेंबरात संपणाऱ्या सत्राचे, ग्रेड डिसेंबरात येतात, रीइंबर्समेंट, म्हणजे तू आधी भरलेली फी कंपनीने परत देणं, जानेवारीत हातात पडलं की ते नवीन वर्षाच्या ५,२५० मध्ये बसतं. हे मला कळलं तेव्हा डिग्री संपत आली होती.

लेकीचं. शाळेच्या फॉर्मवर घरची भाषा विचारतात, आम्ही झोकात 'मराठी' लिहिलं. झालं, इंग्रजी कच्चं धरून तिला रोज वर्गातून उठवून वेगळ्या खोलीत 'धिस इज अ‍ॅन अ‍ॅपल' शिकवायला न्यायचे, आणि पोरगी घरी जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचत होती. सहा महिने. शाळेने मीटिंग दिली मंगळवारी संध्याकाळी, तेव्हा माझा क्लास, अटेंडन्सला मार्क. मी क्लासला गेले. नवरा गेला मीटिंगला, पण तो भांडत नाही, मान डोलावून आला. मी गेले असते तर तिचे दोन-तीन महिने तरी वाचले असते असं मला अजून वाटतं, आणि त्या दिवशी क्लासमध्ये काय शिकवलं ते मला अजिबात आठवत नाही.

एकटेपणाचं विचारलंस, तो असतो, सवय होते. पुढचं सांगते.

हो, सही करायच्या आधी कंपनी सोडल्यावर फी परत मागण्याचं कलम वाच. आमच्याकडे दोन वर्षांचं होतं, नको झालेल्या नोकरीत मी ती दोन वर्षं त्याच्यापायीच काढली.

आणि शाळेचा तो फॉर्म आला की घरची भाषा काय लिहायची ते तूच ठरव बाई. धाकट्याच्या वेळी मी तासभर पेन घेऊन बसले होते.