अकरा महिन्यांच्या बाळाला सारखे जुलाब होतात, दात येत असल्यामुळे असेल का?

ताई, तुम्ही लिहिलंय की चोपड्याला राहता, बाळाला जारचंच पाणी पाजता, तरी जुलाब फिरून फिरून होतात आणि घरातली मंडळी म्हणतात दात येतायत. मी धुळे जिल्ह्यात आरोग्यसेविका आहे. घरभेटीला गेले की हा प्रश्न हमखास निघतो.

दातांमुळे जुलाब होत नाहीत. दात येतात त्याच सुमारास बाळ रांगायला लागतं, दिसेल ते तोंडात घालतं, वरचं खाणं सुरू होतं आणि आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरत जाते. जंतूंना वाट मोकळी होते आणि नाव दातांवर जातं.

आशिया-आफ्रिकेत सात ठिकाणी, त्यात आपलं कोलकाताही आलं, पाच वर्षांखालच्या मुलांचा मोठा अभ्यास झाला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. जोराच्या जुलाबांमागे सर्वांत जास्त चार जंतू निघाले: रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, शिगेला आणि विष तयार करणारा एक ई-कोलाय.

हे सगळे एकाच वाटेने येत नाहीत. रोटाव्हायरस आणि शिगेला शे-पन्नास पोटात गेले तरी पुरे. तेवढे बाळाची शी धुतलेल्या हातावर सहज राहतात, म्हणून नुसतं पाणी शुद्ध असून भागत नाही. ई-कोलाय मात्र लाखोंनी जावा लागतो, आणि तेवढा तो अन्नात वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. सकाळची पेज किंवा बाटलीतलं उरलेलं दूध दुपारी पाजलं की झालंच. बाटली बंदच करा. वाटी-चमचा घासायला सोपा.

आता पाणी. कितीतरी गावांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो. मधल्या काळात पाइप रिकामा असतो, फुटक्या जोडातून गटाराचं पाणी आत शिरतं. नळाची पहिली धार गढूळ येते ती त्यामुळेच. ती भरू नका. आणि भरलेलं पाणी घरात बिघडतं ते वेगळंच. एका घरी माठ घासलेला, वर धुतलेलं फडकं, सगळं कसं लख्ख. आजींनी मला पाणी द्यायला गडू बुडवला तर चारही बोटं पाण्यात! लांब दांड्याचं ओगराळं शेजारीच खुंटीला टांगलेलं होतं. जारचंही तेच. त्या पाण्यात क्लोरीन नसतं, त्यामुळे नंतर हाताने किंवा भांड्याने जे आत गेलं ते मरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियम तर क्लोरीनलाही दाद देत नाही, पाणी खळखळ उकळल्यावरच मरतो. बाळासाठी उकळलेलंच पाणी वापरा.

बाळाची शी घाण नसते असं समजून गटारात टाकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. हेच जंतू तिच्यात असतात. ती संडासातच टाका, आणि हात राखेने नाही, साबणाने धुवा.

लसीकरणाचं कार्ड आजच काढून बघा. रोटाव्हायरसची लस 2019 पासून महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला. एकही डोस झाला नसेल तर बाळ वर्षाचं व्हायच्या आत आशाताईंना गाठा, पहिला डोस तोवरच देतात.

मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकचं विचारलंय. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा त्याने थांबत नाहीत, आणि रोटाव्हायरसवर त्याचा काहीच उपयोग नाही. ओआरएस पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने पाजा, अंगावरचं दूध आणि खाणं बंद करू नका, झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी ती पुरी करा. शीमध्ये रक्त दिसलं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा पाजलेलं सगळं उलटून टाकू लागलं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा, आणि वाटेत ओआरएस पाजत राहा.