भारतात बीएस्सी नर्सिंग आणि आयसीयूचा अनुभव आहे. अमेरिकेत प्रौढांसाठी अ‍ॅक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर व्हायला काय शिकावं लागतं?

नर्स प्रॅक्टिशनर (एनपी) म्हणजे निदान आणि औषधयोजना करणारी उच्चशिक्षित नर्स. या अभ्यासक्रमाला थेट प्रवेशाचा विचार आधी बाजूला ठेवा. पहिली पायरी एनक्लेक्स-आरएन ही नर्सिंगची परवाना परीक्षा आणि तिथल्या राज्याचं आरएन (नोंदणीकृत नर्स) लायसन्स. मग एमएसएन (नर्सिंगमधली मास्टर्स) किंवा डीएनपी (नर्सिंगमधली डॉक्टरेट). बरेच अभ्यासक्रम आयसीयूचा एक-दोन वर्षांचा अनुभव मागतात, तिथे तुमची बाजू भक्कम आहे.

पॅथोफिजिऑलॉजी, फार्माकोलॉजी आणि शारीरिक तपासणी हे तीन प्रगत विषय सगळ्यांनाच असतात. खरा कस लागतो तो क्लिनिकलमध्ये, म्हणजे रुग्णांसोबतच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात. २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनुसार रुग्णांसोबत किमान ७५० तास. ऑर्डर पाळण्याची सवय मोडून निदान, औषधयोजना, व्हेंटिलेटरचे निर्णय स्वतः मांडायचे. अनुभवी सिस्टरांनाही हे सुरुवातीला जड जातं, आणि त्यात नवल नाही. ‘ऑनलाइन’ अभ्यासक्रमातही हे तास प्रत्यक्ष रुग्णालयातच भरावे लागतात. प्रीसेप्टर (प्रत्यक्ष कामात शिकवणारा अनुभवी मार्गदर्शक) कॉलेज शोधून देतं की तुम्हालाच दारोदार फिरावं लागतं, हे फी भरण्याआधी लेखी विचारा. माझ्या मते रँकिंगपेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा.

शेवटी एएनसीसी (अमेरिकन नर्सेस क्रेडेन्शियलिंग सेंटर) किंवा एएसीएन (अमेरिकन असोसिएशन ऑफ क्रिटिकल-केअर नर्सेस) यांपैकी एका संस्थेची सर्टिफिकेशन परीक्षा, मग राज्याचं एनपी लायसन्स. काही राज्यांत स्वतंत्रपणे काम करता येतं, काहींत डॉक्टरशी करार लागतो.

भारतातच राहायचं असेल तर इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअरमधला दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर रेसिडेन्सी अभ्यासक्रमही बघा.